डबा

तीन वर्षं मी शेंडेफळ होतो.
मग तू आलास, मन्मथ,
आणि माझी जागा गेली,
आईच्या कुशीतली, सायकलच्या दांडीवरची,
चुलीवरनं उतरलेल्या पहिल्या भाकरीची.
वैजनाथदादा तुला हातात घेऊन म्हणाला,
"गुरुलिंग, आता तूबी दादा झालास की रे."
मला ते पटायला पुष्कळ दिवस लागले.

चौघांत मिळून पोहायचा डबा एकच,
पाच किलो डालड्याचा, तोंड डाख देऊन बंद केलेलं.
पत्र्यावर खिळ्यानं ओरखडलेलं:
वै.
शि.
गु.
आणि त्याखाली तुझं अख्खं नाव.
जागा उरली होती, दादा म्हणाला.
जागा माझ्या वेळीही उरली होतीच.

तुझ्या अंगावर सगळं आमचंच.
शिवहारची चड्डी, माझा शर्ट,
दादाच्या चपला, टाचेमागं चार बोटं मोकळ्या.
उदगीरच्या दुकानात शाळा सुटल्यावर
आम्ही तिघं जळक्या मोटारी भरायचो,
तांब्याच्या तारेनं बोटं कापून घ्यायचो.
तू स्टुलावर बसून पाय हलवायचास.
"हा काय करतो?" गिऱ्हाईक विचारायचं.
"लाडका आहे," शिवहार म्हणायचा,
"तेवढं एक काम आहे त्याला."

आता सांगतो, जे कुणाला सांगितलं नाही.
तू सात वर्षांचा, मी दहा.
शेतातली विहीर, वैशाख,
दादा आणि शिवहार वर लिंबाखाली चोरून बिडी ओढत.
मी तुझ्या पाठीवरची गाठ सोडली.
का, ते मलाही नीट ठाऊक नाही.
डबा एकटाच तरंगत गेला, उन्हात चकाकत.
तू खाली गेलास.
मी मोजत होतो.
एक. दोन. तीन.
चारला मी उडी मारणार होतो.
हे खरं आहे,
पण सांगणारा मीच आहे.
तू वर आलास, नाकातोंडातनं पाणी,
हातपाय कसेही झाडत,
कपारीचा दगड धरलास
आणि माझ्याकडं बघून हसलास.
वर जाऊन दादाला म्हणालास, "गाठ सुटली."
सुटली म्हणालास.
सोडली नाही.

मग ती येळवस.
कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले,
भज्जीचा वास बांधापल्याड गेलेला.
आम्ही तिघं आंबिलीचं बिंदगं घेऊन
शेजारच्या शिवारात जेवायची हाक द्यायला गेलो
आणि बाया ओरडल्या.
हरभऱ्यातनं पळालो. दादाच्या हातातनं बिंदगं कुठं पडलं
ते आजवर सापडलं नाही.

पोचलो तर तू विहिरीच्या पायरीवर,
ओठ निळे, दात वाजत,
मांडीवर उपडं घातलेलं पाहुण्यांचं पोरगं,
सहा वर्षांचं, ओकत होतं,
मग रडायला लागलं,
आणि त्या रडण्यानं सगळ्या शिवाराला श्वास आला.
दादानं आधी तुझ्या कानाखाली दिली.
मग खांद्यावरचा टॉवेल काढून तुझं डोकं पुसू लागला.
केस वाळले तरी पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी बातमीदार आला.
"भीती नाही वाटली?"
"वाटली," तू म्हणालास, तेरा वर्षांचा.
"उडी मारायच्या आधी मागं बघितलं, तर कुणीच नव्हतं.
माझ्या मागं कुणीतरी असतंच."
दादा जमिनीकडं बघायला लागला.
"आणि पोहायला कुणी शिकवलं?"
तेव्हा मात्र त्यानं शर्टाची गुंडी लावली,
शिवहारनं केसांवरनं हात फिरवला.
तू दोघांच्या मधनं
माझ्याकडं बोट केलंस.
"ह्यानं."

छापून आलेल्या फोटोत
माझे डोळे मिटलेले आहेत.
समोरून ऊन होतं, असं घरी सगळे म्हणतात.
असेल.